मोह येतो तेव्हा: विश्वासाने पापावर जय कसा मिळवायचा

उपवास धरला, शपथ घेतली, बायबलवर हात ठेवून 'पुन्हा नाही' म्हटलं, आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेक जण मनाचा निश्चय कमी पडला असं धरून आणखी कडक शपथ घेतात. चूक तिथेच होते. योहानाच्या पहिल्या पत्रात (5:4) जगावर जय मिळवणारी गोष्ट म्हणून शपथेचं नाव नाही, विश्वासाचं आहे.

आधी हिशेब, मग लढाई

रोमकरांस पत्राचा 6 वा अध्याय सावकाश, शक्यतो मोठ्याने वाचा. पहिल्या दहा वचनांत पत्र लिहिणारा प्रेषित पौल एकही आज्ञा देत नाही. जे घडून गेलं तेवढंच सांगतो. ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठला, आणि बाप्तिस्मा घेणारा त्या मरणाशी जोडला गेला. आज्ञा येते ती अकराव्या वचनात: स्वतःला पापाला मेलेले आणि देवासाठी जिवंत असे 'माना'.

मराठी कानाला इथे 'मानला तर देव, नाहीतर दगड' आठवतं आणि घोटाळा होतो. मूळ ग्रीक शब्द हिशेबाच्या वहीत शोभणारा आहे. चौथ्या अध्यायात अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून 'गणला' गेला, तिथेही तोच शब्द आहे, आणि त्या एका अध्यायात तो 11 वेळा येतो. जमा झालेली रक्कम वहीत जमा म्हणून लिहायची, एवढाच अर्थ. लिहिल्यामुळे रक्कम येत नाही. ती आधीच आलेली असते.

हे रोज करायचं. सकाळी उठल्यावर, फोन हातात घेण्याआधी दोन मिनिटं काढा. ज्या पापाशी झुंज चालू आहे त्याचं नाव घेऊन म्हणा: "प्रभू, रागाचा माझ्यावर आता हक्क नाही, तू मला सोडवलं आहेस. आज माझी जीभ तुझ्या हाती देतो." शेवटचं वाक्य 13 व्या वचनावरून आहे, तिथे अवयव समर्पण करायला सांगितलं आहे. म्हणून 'माझं सारं जीवन घे' असं मोघम नको. जीभ, डोळे, हात असं नेमकं म्हणा. खिसासुद्धा चालेल.

'मला मोह होतच नाही' असं मनाला पढवू नका. पाप मेलं असं पौल म्हणत नाही, तुम्ही पापाला मेलात असं म्हणतो. जुना मालक गल्लीतच राहतो, हाकाही मारतो. फक्त त्याची चाकरी सुटली आहे. आणि उमाळा दाटून येण्याची वाट पाहू नका. वही लिहायला उमाळा लागत नाही.

गळ कुठे टाकला जातो

याकोब (1:14-15) मोहाचं वर्णन करताना आमिष दाखवून ओढण्याचा शब्द वापरतो. वासना आधी भुलवते, मग गर्भवती होते, मग पाप जन्मतं. अडवायचं ते सुरुवातीलाच. सात दिवस एका वहीत चार गोष्टी लिहा: वेळ, ठिकाण, त्याआधी काय घडलं, आणि तेव्हा एकटे होतात का. आठवड्याभरात ठसा दिसू लागतो: रात्री अकरानंतर अंथरुणातला मोबाइल, पगाराच्या संध्याकाळी स्टेशनबाहेरचा बार, साहेबांचं बोलणं खाल्ल्यावर मुलांवर निघणारा राग.

मग ती वाट बुजवा. चार्जर स्वयंपाकघरात ठेवा आणि गजराला साधं घड्याळ आणा. पगाराच्या दिवशी दुसऱ्या रस्त्याने, कोणाला तरी सोबत घेऊन घरी या. मंडळीचं दान मोजायला नेहमी दोघे बसा. पौलानेही यरुशलेमेसाठी जमवलेली मदत एकट्याच्या जबाबदारीवर नेली नाही, कोणी बोट दाखवू नये म्हणून (2 करिंथ 8:20). 'विश्वास आहे तर रस्ता कशाला बदलायचा?' हा प्रश्न मोठा धार्मिक वाटतो. मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देव झेलेल, असं सैतानाने येशूला सुचवलं ते याच चालीवर. मालकाच्या बायकोने वस्त्र धरलं तेव्हा योसेफाने वाद घातला नाही. वस्त्र तिच्या हाती सोडून तो पळाला.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र दारू एकाएकी बंद करू नये. झटके आणि भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. औषध घेणं म्हणजे अविश्वास नव्हे.

त्या घडीला

अरण्यात येशूने सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 6 व्या आणि 8 व्या अध्यायातली आहेत, आणि प्रत्येक एकेका वाक्याचं. भाकरीच्या मोहाला भाकरीचंच वचन. तसंच एका मोहाला एक वचन निवडा: रागासाठी याकोब 1:19-20, पैशासाठी इब्री 13:5, शारीरिक वासनेसाठी 1 थेस्सलनीकाकर 4:3-4. दोन आठवडे सकाळी आणि रात्री म्हणून पाठ करा. मागचा-पुढचा भागही वाचा, कारण सैतानालाही वचन पाठ होतं. उडी मारायला सांगताना त्याने 91 वं स्तोत्रच म्हटलं.

मोह आला की वचन आवाज काढून म्हणा, उठा आणि जागा सोडा. लांबलचक प्रार्थना करत बसू नका. मोहाविषयीच प्रार्थना चालली की मन त्याच्याभोवतीच घिरट्या घालतं. पाण्यात बुडणाऱ्या पेत्राने 'मला वाचवा' एवढंच म्हटलं होतं. नेमक्या त्याच वेळी दाराची बेल वाजली किंवा आईने हाक मारली, तर चिडू नका. देव परीक्षेबरोबर निभावण्याचा उपायही करतो (1 करिंथ 10:13), तो असाही येतो.

सुटलेल्या सवयीची जागा रिकामी राहू देऊ नका. झाडून ठेवलेल्या रिकाम्या घरात निघून गेलेला दुष्ट आत्मा आणखी सात आत्मे घेऊन परत येतो, असं येशूने सांगितलं. इफिस 4:28 मध्ये चोराला चोरी सोडायला सांगून पौल थांबत नाही: हातांनी काम कर, आणि गरजूला दे.

एकट्याने नाही

प्रार्थनासभेत 'जरा अडचण आहे, प्रार्थना करा' म्हणणं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं. तोंडाचा पक्का असा एक माणूस निवडा. पुरुषाने पुरुष, बाईने बाई. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली यांनी 1738 मध्ये छोट्या गटांसाठी नियम केले, त्यांत आठवड्यातून निदान एकदा भेटायचं होतं. प्रश्न साधारण असे: मागच्या भेटीनंतर जाणूनबुजून कोणतं पाप घडलं? कोणते मोह आले? त्यांतून कसे सुटलात? तिसरा प्रश्न गाळू नका. नाहीतर भेट म्हणजे फक्त पराभवांची यादी होते.

पडल्यावर

चार दिवस स्वतःला कोसून, 'आता जरा बरा झालो' असं वाटल्यावर प्रार्थनेला बसणं म्हणजे पुन्हा शपथेच्याच वाटेला लागणं. त्याच तासाला पापाचं नाव घेऊन कबुली द्या (1 योहान 1:9). पुढच्याच अध्यायात पाप घडलेल्यासाठी पित्याजवळ कैवारी आहे असं लिहिलं आहे, न घडलेल्यासाठी नव्हे. कोणाचं नुकसान केलं असेल तर भरून द्या; येशूला भेटल्यावर जकातदार जक्कयाने चौपट कबूल केलं होतं. नंतर वही उघडून पाहा, कोणती वाट उघडी राहिली.

आणि येत्या रविवारी प्रभुभोजन चुकवू नका. अपात्र वाटतं म्हणून मागच्या बाकावर बसून राहणारे 1 करिंथ 11:28 चा आधार घेतात. त्या वचनात माणसाने स्वतःची परीक्षा करावी असं आहे खरं, पण वाक्य तिथे संपत नाही: आणि मग त्या भाकरीतून खावे.