जाहिरातीत दुसऱ्याचं चित्र वापरायचंय? आधी विचारा, मग नाव द्या

दिवाळी जवळ आली की दुकानांचे, क्लासेसचे क्रिएटिव्ह, म्हणजे जाहिरातीची डिझाइन्स, धडाधड पडायला लागतात आणि त्यातली कितीतरी चित्रं गुगलवरून उचललेली, कोपऱ्यातली सही क्रॉप केलेली, बघून खरंच जीव जळतो.

'सौजन्य: इंटरनेट' हे क्रेडिट नाही. आणि खरं नाव टाकलं तरी परवानगी लागतेच, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रजिस्ट्रेशन नाही म्हणजे फुकट असंही नसतं, चित्र काढलं की कॉपीराइट आपोआप येतो.

तर आधी चित्र गुगल लेन्समध्ये टाकून मूळ चित्रकार शोधा, पिंटरेस्टवर थांबू नका, तिथे बरंचसं दुसरीकडून आणून पिन केलेलं असतं. सापडला की सरळ मेसेज करा, कुठे वापरणार, इन्स्टा की पेपर की होर्डिंग, किती महिने, किती पैसे देणार, आणि नाव कसं लिहायचं तेही त्यालाच विचारा. हे सगळं सहीनिशी कागदावर घ्या, कारण कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, म्हणजे दुबईतल्या गिऱ्हाइकांसाठी तीच जाहिरात चालवायची असेल तर ते आधीच लिहून घ्यायला हवं.

पैसे दिले, विषय संपला असं बरेच क्लायंट म्हणतात, पण कलम 57 आहे ना! हक्क विकले तरी हे काम माझं आहे हे सांगायचा हक्क कलाकाराकडेच राहतो, आणि नाव खराब होईल अशी मोडतोड केली तर तो कोर्टात जाऊ शकतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं होतं, 2005 मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्याचे अवशेष त्यांना परत द्यायला लावले, वर 5 लाख भरपाई.

क्रिएटिव्ह कॉमन्सचं चित्र असेल, म्हणजे चित्रकाराने काही अटींवर सगळ्यांना वापरायला मोकळं केलेलं, तर लायसन्समध्ये एनसी (नॉन-कमर्शियल, धंद्यासाठी नाही) आहे का बघा, असेल तर जाहिरातीला चालत नाही.

आणि दुसऱ्या ब्रँडची जाहिरात पाठवून 'सेम असंच करून दे' म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेच्या संहितेत लेआउट, स्लोगन, दृश्यं, संगीत चोरल्यासारखं वाटेल इतकं सारखं नको असं स्पष्ट आहे.

नाव चित्रावरच वाचता येईल एवढं टाका, कॅप्शनमध्ये टॅगही करा. न विचारता आधीच वापरलं असेल तर पोस्ट आजच काढा, चित्रकाराला स्वतःहून कळवा आणि तो जे बिल पाठवेल ते घासाघीस न करता भरा.