आधी ठेवायला शिका: पोतं, बादली आणि टायरवरची ताकद

मी पहिल्यांदा भरलेल्या पोत्याला हात लावला तेव्हा आण्णांनी मला थांबवलं. म्हणाले, "आदी ठिवायचं कुटं ते बघ, मग हात लाव." आण्णांनी सांगलीच्या मार्केट यार्डात तीस वर्षं हमाली केली. त्यांच्या उमेदीच्या काळात पोतं शंभर किलोचं असायचं. दोघं जण ते उचलून तिसऱ्याच्या पाठीवर द्यायचे आणि तो गाडीत नेऊन टाकायचा. आता पोतं पन्नास किलोचं आहे, आणि ते कमी व्हावं म्हणून हमालांना भांडावं लागलं. म्हणून जड वजन उचलणं हा माझ्यासाठी तरी गंमतीचा विषय नाही. मी ताडपत्र्या शिवते, ट्रकवर टाकतात त्या. पाठ दिवसभर मशीनवर वाकलेली असते, आणि त्या पाठीसाठीच मी स्ट्राँगमन नावाचा हा व्यायाम सुरू केला. तेव्हा माझं वजन छप्पन किलो होतं. सुरुवात वीस किलोच्या पोत्यापासून केली, आज दीड वर्षानं पन्नास किलोचं पोतं छातीशी धरून वीस मीटर चालते.

स्ट्राँगमन म्हणजे दगड उचलणं, जड ओझं घेऊन चालणं, टायर उलटणं, दोरीनं ओढणं. १९७७ साली अमेरिकेत 'वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन' ही स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून हे टीव्हीवर दिसू लागलं, पण प्रकार फार जुना आहे. आपल्या तालमींत दगडी नाल, म्हणजे कड्यासारखा कोरलेला जड दगड, उचलायची पद्धत आहेच. जेजुरीला दसऱ्याच्या वेळी बेचाळीस किलोचा खंडा, म्हणजे खंडोबाची तलवार, एका हातात तोलून धरतात. तिकडे आइसलंडमध्ये ड्युपालोनसांडुर नावाच्या किनाऱ्यावर चार दगड ठेवलेले आहेत: २३, ५४, १०० आणि १५४ किलोचे. मासेमारीच्या होडीवर कामाला येणाऱ्याची ताकद त्यांच्यावर जोखत. ५४ किलोचा दगड उचलता आला नाही तर होडीवर जागा नाही. महागड्या जिमशिवाय हे होणार नाही असं ज्यांना वाटतं, त्यांना मी त्या किनाऱ्याचं उदाहरण देते.

हर्निया असेल, मणक्याची गादी सरकलेली असेल, रक्तदाब असेल, दिवस गेलेले असतील किंवा बाळंतपण नुकतंच झालं असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय यातलं काहीही करू नका. सोळा वर्षांखालच्या मुलांना मी एकटं करू देत नाही.

पहिलं साधन पोतं. बाकी काहीच केलं नाही आणि एवढंच केलं तरी चालेल, म्हणून याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

न शिवता करायचं असेल तर खताच्या दोन गोण्या घ्या. त्या आधी उलट्या करून दोन-तीनदा धुवा. युरियाचे कण शिवणीत राहतात आणि घामाच्या हातांना आग होते. एका गोणीत दुसरी घाला, बाहेरून गोणपाटाचं पोतं चढवा. हे दोन-तीन महिने टिकतं. शिवायचं असेल तर ट्रकच्या जाड पीव्हीसी ताडपत्रीचा तुकडा घ्या, ७९ सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांब. दीड-दीड सेंटिमीटर शिवणीत जाऊन त्याची साधारण २४ सेंटिमीटर व्यासाची नळी होते. एका तोंडाला २७ सेंटिमीटरचा गोल शिवा. दुसरं तोंड उघडंच ठेवा. वरचे २५ सेंटिमीटर गुंडाळून दोरीनं करकचून बांधायला लागतात. दोरा नायलॉनचा जाड हवा, शिवण दुहेरी, आणि गोलाच्या कडेला तिसरी टीप मारा. पिशवी फाटते ती नेहमी तिथेच. ताडपत्रीची गुळगुळीत बाजू आत, खरबरीत बाजू बाहेर, म्हणजे घाम आला तरी निसटत नाही. दोन्ही बाजू गुळगुळीत असतील तर वरून गोणपाट चढवा. हे सगळं घरच्या साध्या मशीनवर होत नाही, सुई मोडते. गावात ताडपत्रीवाला किंवा चप्पल-बॅगा शिवणारा असेलच, त्याच्याकडून करून घ्या, किंवा दाभण घेऊन हातानं शिवा.

भरायला वाळू. बांधकामाची क्रश सँडही चालते. मात्र ती उन्हात दोन दिवस पसरून पूर्ण वाळवा. ओली वाळू कुजका वास मारते आणि वजनाचा अंदाज चुकवते. कोरडी वाळू लिटरला दीड ते पावणेदोन किलो भरते, त्यामुळे मी हिशेबाला १.६ धरते. वर सांगितलेली पिशवी तोंडोतोंड भरली तर पंचेचाळीस किलोच्या जवळ जाते. पण वाळू तशीच ओतायची नाही. जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पाच-पाच किलो, आणि काहींत दोन-दोन किलो भरायची, एकात एक अशा दुहेरी पिशव्या, आणि चिकटपट्टीनं बंद करायच्या. पिशवी टम्म फुगवू नका, आपटली की फुटते. थोडी ढिली राहू द्या. मग आज चार पिशव्या, पुढच्या महिन्यात पाच, असं वजन वाढवता येतं. उरलेल्या जागेत लाकडाचा भुसा भरलेल्या पिशव्या कोंबा, म्हणजे पोतं मध्ये लोंबत नाही. धान्य मात्र कधीही भरू नका, उंदीर लागतात.

वजन अंदाजानं धरू नका. घरच्या काट्यावर पोतं कवटाळून उभं राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. नवशिक्यानं स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यावर सुरुवात करावी असं माझं मत आहे. ज्यांचं आयुष्य खुर्चीत गेलं आहे त्यांनी चौथ्या हिश्श्यावर.

आता उचलणं. पोतं दोन पायांच्या मध्ये, लांबीला. गुडघे थोडे वाकवून कंबर मागे न्या, मागचं दार कंबरेनं ढकलल्यासारखी. पाठ सरळ आहे का ते कळण्यासाठी पहिले चार दिवस पोत्याऐवजी पाठीवर केरसुणीचा दांडा धरा: डोक्याचा मागचा भाग, पाठ आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी दांडा टेकलेला राहिला पाहिजे. मग पोत्याच्या दोन्ही टोकांखाली हात घाला, पोटात श्वास भरा, कंबर कडक करा आणि पोतं गुडघ्यांपर्यंत आणून मांड्यांवर बसवा. इथे थांबा, श्वास सोडा. ही मांडीवरची जागा हमाल वापरतात, दगड उचलणारेही वापरतात, आणि नवीन माणूस नेमकी तीच सोडून एका झटक्यात वर ओढायला जातो. मांडीवरून पोत्याला दोन्ही हातांनी मिठी मारा, कंबर पुढे ढकला आणि उभे राहा.

ठेवताना हेच उलटं करायचं. छाती, मांडी, जमीन. आण्णांच्या ओळखीच्या बऱ्याच हमालांच्या पाठी उचलताना नाही, दमल्यावर पोतं टाकताना मोडल्या. त्यामुळे पहिला महिना मी एकदाही पोतं खाली टाकलं नाही, प्रत्येक वेळी ठेवलं. तुम्हीही तसंच करा. ज्या दिवशी ठेवायची ताकद संपली, त्या दिवशी व्यायाम संपला असं समजा.

चालणं दोन प्रकारचं. एक, पोतं छातीशी धरून. दुसरं, दोन्ही हातांत बादल्या घेऊन, ज्याला फार्मर्स वॉक म्हणतात. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली यासाठी उत्तम. काठोकाठ वाळूनं भरली तर बत्तीस किलोच्या आसपास जाते, म्हणून सुरुवातीला तळाशी सात-आठ लिटर वाळू पुरे, म्हणजे हाताला बारा किलो. एक गोष्ट मी अंगावर शिकले. बादलीच्या तारेच्या कडीवर भरवसा ठेवू नका. माझ्या बादलीचे प्लॅस्टिकचे कान उपटून आले, बादली पायाच्या अंगठ्यावर पडली आणि नख दोन महिने काळं होतं. तेव्हापासून मी नायलॉनची दोरी बादलीच्या बुडाखालून आडवी-उभी अशी फुलीत घेते आणि वर फावड्याच्या जुन्या दांड्याचा वीतभर तुकडा बांधते. जाड दांड्यामुळे पकडही लवकर तयार होते. बूट घालाच. चालताना पावलं लहान, खांदे खाली, नजर समोर. शिखर शिंगणापूरला चैत्रात मुंगी घाटातून कावड चढवणारे भक्त बघितले असतील तर आठवा, एकही माणूस लांब ढांग टाकत नाही.

टायर. ट्रॅक्टरचा मागचा जुना टायर टायरवाल्यांकडे थोड्या पैशांत किंवा फुकट मिळतो. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे खालच्या बाजूला ड्रिलनं पाच-सहा भोकं पाडणं. टायरमध्ये पाणी साठलं की डासांची अंडी, आणि मग गल्लीला डेंग्यू. टायर उलटण्याचं वेड सगळ्यांना लागतं, पण पहिले तीन महिने तो फक्त ओढा. दहा मीटर दोरी बांधा, दोरीचं टोक कमरेच्या रुंद पट्ट्याला आणि मातीच्या मैदानावर पुढे झुकून चाला. ओढण्यात पाठीला धोका सर्वांत कमी आणि दम सर्वांत जास्त लागतो. पुढे उलटायला घेतलात तर छाती टायरला टेकवून पायांनी पुढे ढकला. हात कोपरात वाकवून उचलायला गेलात तर दंडाचा स्नायू फाटू शकतो. सोबत माणूस असल्याशिवाय टायर उलटू नका.

दगड सगळ्यांत शेवटी. मुलांचा प्लॅस्टिकचा चेंडू भोक पाडून वाळूच्या बादलीत अर्धा पुरायचा आणि त्यात एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग बारीक खडी असं काँक्रीट ठासायचं. हातमोजे घाला, सिमेंटनं कातडी जळते. दुसऱ्या दिवशी चेंडू कापून काढा, आठवडाभर ओल्या गोणपाटात ठेवा, आणि अठ्ठावीस दिवस होईपर्यंत उचलू नका. फुटबॉलएवढा, म्हणजे २२ सेंटिमीटरचा गोळा तेरा किलोचा होतो. ३० सेंटिमीटरचा चौतीस, ३५ चा चोपन्न आणि ४० चा ऐंशी. दहा सेंटिमीटर वाढले की वजन दुपटीहून जास्त होतं, हे साचा निवडायच्या आधी लक्षात घ्या. गोळा फरशीवर ठेवू नका, जुन्या टायरवर ठेवा.

आठवड्यात दोनच दिवस. मी बुधवार आणि रविवार करते. आधी दहा मिनिटं चालणं, वीस बैठका, पाठ मोकळी करणं. मग पोतं जमिनीवरून छातीपर्यंत, पाच वेळा, असे तीन फेरे, प्रत्येक फेऱ्यानंतर दोन-तीन मिनिटं बसायचं. त्यानंतर पोतं धरून वीस मीटर, चार वेळा. रविवारी पोत्याऐवजी बादल्या, आणि शेवटी टायरची ओढ. सगळं मिळून चाळीस मिनिटं. तिन्ही फेरे पाठ न वाकवता आणि पोतं न टाकता झाले, सलग दोन आठवडे झाले, तरच दोन किलो वाढवा. स्नायू दुखणं दोन दिवसांत जातं. कंबरेतून पायाकडे कळ गेली किंवा मुंग्या आल्या तर थांबा आणि डॉक्टरांकडे जा, तेल लावून चालढकल करू नका.

एक वही ठेवा. माझ्या वहीत तारीख, किलो, फेरे आणि शेवटच्या रकान्यात 'ठेवलं' किंवा 'टाकलं' एवढंच असतं. दीड वर्षात 'टाकलं' सात वेळा आलं आहे, आणि सातही वेळा आदल्या रात्री झोप कमी झालेली होती.

पावसाळ्यात पोतं घरात, भिंतीपासून थोडं लांब, लाकडी फळीवर ठेवा. महिन्यातून एकदा ते आडवं करून गोलाकडची शिवण बोटानं चाचपून बघा. एक टाकाही सैल लागला तर त्या दिवशी उचलू नका, आधी दाभण काढा.