लोबेलिया: संध्याकाळची झारी आधी बंद करा

२७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त लागतो. तिथून चित्रा नक्षत्र संपेपर्यंत, म्हणजे साधारण २३ ऑक्टोबरपर्यंत, आभाळाचा काही भरवसा नसतो. दुपारी ऊन भाजून काढतं, चारला ढग भरून येतात आणि सातला धो धो कोसळतो. लोबेलिया हे हिवाळी फूल पेरायची वेळ नेमकी हीच. म्हणून पहिल्यांदाच सांगून ठेवतो: ज्यांच्या ट्रेवर छप्पर नाही त्यांनी बियाण्याचं पाकीट फोडू नये. आणि छप्पर असूनही संध्याकाळी घरी जाताना ट्रेवरून एक झारी फिरवायची सवय ज्यांना आहे, त्यांनी तर मुळीच फोडू नये.

दर हंगामात तेच बघतो. बी छान उगवतं, ट्रेवर हिरवी साय धरते, मालक खूश. मग दोन दिवस ढगाळ जातात. माती वरून कोरडी दिसते म्हणून गडी सहा वाजता पाणी मारतो. तिसऱ्या सकाळी ट्रेच्या मधोमध वाटीएवढं टक्कल. रोपं बुडाशी दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी पडलेली. हीच रोपमर. आठवड्यात निम्मा ट्रे जातो आणि मग दुकानात धाव. दुकानदार बियाण्याला दोष देतो, दोन बाटल्या गळ्यात मारतो. बियाणं चांगलंच असतं हो. रोपं रात्रभर ओली राहिली, एवढंच झालेलं असतं.

हे समजायला झाड कुठलं ते बघा. आपण हिवाळी हंगामी फूल म्हणून लावतो ती लोबेलिया एरिनस दक्षिण आफ्रिकेची. तिथे केपच्या नैर्ऋत्य टोकाला पाऊस हिवाळ्यात पडतो. गारवा आणि ओल एकत्र येतात. आपल्याकडे ऑक्टोबरात ओल येते ती उकाड्यासोबत. उबदार, दमट, हवा न हलणारी रात्र म्हणजे पिथियम आणि रायझोक्टोनिया या बुरशांची दिवाळी. पिथियमचे बीजाणू तर पाण्याच्या पातळ थरात चक्क पोहत एका रोपाकडून दुसऱ्याकडे जातात. संध्याकाळची झारी त्यांना वाट करून देते. टोमॅटो-मिरचीचं रोप थोडं सोसतं, कारण त्याला जाडी असते. लोबेलियाचं रोप पंधरा-वीस दिवसांचं झालं तरी दोन-तीन मिलिमीटरचं. ते सोसणार काय?

पाणी खालून द्या. पसरट घमेल्यात किंवा टाकीत दोन सेंटीमीटर पाणी घ्या, त्यात ट्रे ठेवा. वरचं माध्यम, म्हणजे ट्रेत भरलेलं मिश्रण, काळपट दिसू लागलं की, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, ट्रे उचला, निथळू द्या आणि मांडवावर ठेवा. हे सगळं सकाळी नऊच्या आत. मांडव म्हणजे बांबूचा असो की विटांवर टाकलेल्या पट्ट्यांचा, ट्रेखालून वारा गेला पाहिजे. जमिनीवर प्लास्टिक अंथरून त्यावर ट्रे ठेवणारे बरेच आहेत. त्या प्लास्टिकवर साचलेलं पाणी रात्रभर ट्रेला वर चढत राहतं. ती न दिसणारी संध्याकाळची झारीच समजा.

पाणी द्यायचं की नाही हे डोळ्याने ठरवू नका, हाताने ठरवा. ओला ट्रे आणि कोरडा ट्रे एकदा दोन हातांत उचलून बघा, वजन लक्षात राहतं. हलका लागला तरच पाणी. ढग असतील तर एक दिवस जाऊ द्या. उगवण पुरी झाल्यावर अर्धा दिवस कोरडा गेलेला ट्रे मी वाचलेला पाहिला आहे, सलग दोन रात्री ओला राहिलेला क्वचितच.

पेरणीचं वेळापत्रक मागून मोजा. पेरणीपासून फुलापर्यंत बारा ते चौदा आठवडे लागतात. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या आसपास भरतं, शहरात रोपांची मागणी त्याच दिवसांत चढते. त्यासाठी पुणे-नाशिक भागात सप्टेंबरअखेर ते १५ ऑक्टोबर ही पेरणी. विदर्भ-मराठवाड्यात ऑक्टोबरचा उकाडा ओसरल्याशिवाय घाई नको; मात्र तिकडे फेब्रुवारीअखेर खेळ संपतो हे धरून थोडंच पेरा. महाबळेश्वर-पाचगणीला फुलं उन्हाळ्यापर्यंत टिकतात. कोकण किनारपट्टीला माझा सरळ सल्ला, हे पीक करू नका. रात्र गार होत नाही, झाड नुसतं लांबतं.

माध्यम आणि पेरणी:

• कोकोपीट धुऊन घ्या. निथळणारं पाणी चहासारखं येतंय तोवर धूत राहा.
• धुतलेलं कोकोपीट दोन भाग, चाळलेलं गांडूळ खत एक भाग, जाड वाळू अर्धा भाग. सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा.
• ताजं किंवा अर्धवट कुजलेलं शेणखत वर्ज्य.
• जुने ट्रे एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात अर्धा तास बुडवून, धुऊन, उन्हात वाळवा.
• ९८ खणांचा ट्रे, प्रत्येक खणात सहा-आठ बिया.
• बी झाकायचं नाही. उगवायला उजेड लागतो.
• तापमान २० ते २४ अंश. भिंतीच्या उत्तरेची सावली किंवा शेडनेट.
• उगवण १४ ते २० दिवसांत. पहिला हिरवा ठिपका दिसला की ट्रेवर झाकलेलं प्लास्टिक काढा.

बियाण्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. एका ग्रॅममध्ये सुमारे ३० हजार बिया असतात, फुंकर मारली तर उडून जातील. वरच्या हिशेबाने एका ट्रेला सातशेच्या आसपास बिया लागतात, म्हणजे एका ग्रॅममध्ये चाळीसेक ट्रे व्हावेत. हे गणित दुकानात तोंडपाठ असू द्या, कारण तिथे पाकिटांची संख्या फार उदारपणे सांगितली जाते. बी सारखं पडावं म्हणून ते साध्या पांढऱ्या रांगोळीत किंवा चाळलेल्या कोरड्या वाळूत मिसळा आणि कागदाची घडी करून टकटक करत सोडा. रांगोळीचा फायदा असा की कुठे पडलं, कुठे राहिलं ते दिसतं. मात्र चिमूटभरच घ्या, तिच्यात चुन्याचा दगड दळलेला असू शकतो. गोळी केलेलं, म्हणजे लेप देऊन मोठं केलेलं, बियाणं महाग असतं. शेकडो ट्रे करणाऱ्याला मजुरीत ते परवडेल. पाच-दहा ट्रेवाल्याने त्या वाटेला जाऊ नये. पेरल्यावर पहिलं पाणीही खालूनच. झारीच्या एका फटक्यात सगळं बी ट्रेच्या एका कोपऱ्यात गोळा होतं.

आता औषधं. पेरणीआधी दोन आठवडे, १०० किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात १ किलो ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी चांगली बुरशी) मिसळून, ओलसर ठेवून, सावलीत झाकून ठेवा आणि तयार झालेलं मूठ-दोन मूठ प्रत्येक ट्रेच्या माध्यमात घाला. किंवा पेरणीवेळी ट्रायकोडर्मा ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून द्या. रोपमर दिसलीच तर पडलेले खण आणि त्यांच्याभोवतीची एक ओळ, चांगली दिसत असली तरी, मातीसकट रिकामी करा. ती माती कंपोस्टमध्ये टाकू नका, रोपवाटिकेबाहेर पुरा. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के, २.५ ते ३ ग्रॅम प्रति लिटर, याची आळवणी, म्हणजे मुळाशी ओतणं. वेगाने पसरत असेल तर मेटॅलॅक्झिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के हे तयार मिश्रण, २ ग्रॅम प्रति लिटर. रोपं फार कोवळी असतील तर आधी एका ट्रेवर करून दोन दिवस बघा. तांब्याचं औषध आणि ट्रायकोडर्मा एकत्र नको, मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्या, नाहीतर पैसे देऊन आणलेली चांगली बुरशी तुम्हीच मारता.

आणि आळवणीसुद्धा सकाळीच. औषध आहे म्हणून संध्याकाळी ओतलं तरी चालतं, असा एक समज आहे. बुरशीनाशकाचं पाणीही पाणीच असतं.

ह्युमिक, समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो, 'मुळी सोडणारं' अमुक-तमुक: यातलं काहीही पहिल्या पाच आठवड्यांत लागत नाही. मर लागलेल्या ट्रेत मुळी वाढवायची बाटली ओतणाऱ्याला मी काय सांगणार! तेवढ्या पैशांत छपराचं पॉलिथिन येतं. चार खरी पानं आल्यावर १९:१९:१९ हे नत्र-स्फुरद-पालाशाचं विद्राव्य खत एक ग्रॅम प्रति लिटर, आठवड्यातून एकदा, पुरे. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर कोवळी पानं शिरा सोडून पिवळी पडतात. चिलेटेड लोह १ ग्रॅम प्रति लिटर एकदा फवारा. आत्ताच पावसाचं पाणी दोन-चार पिंपं भरून ठेवलं तर बहुधा तेही लागणार नाही.

एक माझा अंदाज, याला कुठल्या शिफारशीचा आधार नाही. ट्रेवर शेवाळाचा हिरवा पोपडा धरला आणि त्यावर बारीक काळ्या माश्या उठू लागल्या की तीन-चार दिवसांत मर येते. पोपडा दिसताच दात कोरायच्या काडीने तो हलका मोकळा करा, कोरडी बारीक वाळू भुरभुरा, पिवळा चिकट सापळा लावा आणि एक पाणी चुकवा. चुलीची राखही काही जण टाकतात. चिमूटभर टाकली तर वरचा थर सुकतो खरा, पण ती चुनखडीसारखी वागते, म्हणून एकदाच.

पुनर्लागण आणि नंतरची कामं:

• पाच-सहा आठवड्यांनी गुच्छासकट उचला. एकेक रोप सुटं करू नका.
• १० ते १५ सेंटीमीटर अंतर. चार इंची कुंडीत एक गुच्छ, टांगत्या कुंडीत चार-पाच.
• थंडीत पूर्ण ऊन. फेब्रुवारीपासून दुपारची सावली.
• मावा: ५ टक्के निंबोळी अर्क.
• गोगलगाय: हाताने वेचून मिठाच्या पाण्यात.

कुंडीत गेल्यावर मात्र तऱ्हा उलटी होते. फुलावर आलेली लोबेलिया एकदा कडकडीत वाळली की कळ्या तपकिरी पडतात आणि नंतर कितीही पाणी घातलं तरी झाड पहिल्यासारखं भरत नाही. टांगत्या कुंड्या वाऱ्याने फार लवकर सुकतात, जानेवारीतही. सकाळी एक, लागलं तर दुपारी बारा-एकला दुसरं पाणी द्या, बुंध्याशी. इथेही संध्याकाळी वरून नको. गच्च वाढलेल्या झाडाच्या पोटात ओल अडकते आणि ते मधूनच कुजतं. रोपवाटिकेत काम करणाऱ्या मावशींना, दादांना हे एकदा नीट समजावून सांगा. झारी त्यांच्या हातात असते आणि 'संध्याकाळी पाणी घाला' हे त्यांना आपणच वर्षानुवर्षं सांगत आलो आहोत.

पहिला बहर ओसरला की कात्रीने निम्मं छाटा, १९:१९:१९ पूर्वीच्याच मात्रेने द्या, तीनेक आठवड्यांत पुन्हा फुलतं. फुलवाढीचं टॉनिक घेऊ नका. पारा तिशीपार टिकू लागला की टॉनिकनेही फूल येत नाही, छाटणीही वाया जाते. तेव्हा काढून टाकायचं.

काढलेली झाडं शेळ्यांपुढे टाकू नका. महाबळेश्वरच्या रानात पुरुषभर वाढणारी रानतंबाखू हिच्याच कुळातली, दोघींच्या अंगात विषारी अल्कलॉइडं असतात. छाटणी करताना चीक लागला तर हात धुऊनच भाकरीला बसा, आणि अंगणवाडी-बालवाडीला रोपं देणार असाल तर हे बाईंच्या कानावर घाला.