अंगावरचे पित्त आणि पोटातले पित्त वेगळे कसे ओळखावे

मराठीत 'पित्त' हा एकच शब्द दोन तक्रारींना लागतो. छातीत जळजळून आंबट पाणी वर आले की पित्त 'होते' आणि अंगावर खाजऱ्या, लालसर गांध्या आल्या की पित्त 'उठते'. यकृतात तयार होणाऱ्या खऱ्या पित्ताचा या दोहोंशी फारसा संबंध नाही. तरीही भाषेने नकळत एक नाते बरोबर जोडलेले आहे, कारण दोन्ही ठिकाणी हिस्टामिन हे एकच रसायन काम करत असते. फरक पडतो तो ग्राहीमुळे, म्हणजे पेशीवरच्या ज्या प्रथिनाला हे रसायन जाऊन चिकटते त्यामुळे. म्हणून दुकानात नुसती 'पित्ताची गोळी' मागू नये.

हिस्टामिन रक्तातून दूरवर संदेश नेत नाही. जिथे सुटते तिथेच आजूबाजूला काम करते आणि काही मिनिटांत विकरे (एन्झाइम) त्याचा निकाल लावतात. त्वचेतल्या मास्ट पेशींमध्ये त्याचा तयार साठा असतो. तो सुटला की रक्तवाहिन्यांवरच्या एच-१ ग्राहींमुळे बारीक वाहिन्या रुंदावतात, त्यांच्या अस्तरात फटी पडतात व द्रव बाहेर झिरपतो. मज्जातंतूंच्या टोकांवरच्या ग्राहींमुळे खाज सुटते. जठरात मात्र ते आम्ल स्रवणाऱ्या पेशींवरच्या एच-२ ग्राहींना चिकटते आणि आम्ल वाढवते. सर्दीवरची जुनी हिस्टामिनरोधके आम्लावर निष्प्रभ का ठरतात, हे कोडे याच भेदातून सुटले. औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये एच-२ ग्राही अडवणारे रसायन दाखवून दिले आणि १९८८ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत ब्लॅक होते.

हे काम स्वतःच्या हातावरही पाहता येते. पट्टीच्या बोथट कडेने, त्वचा न खरवडता, कोपराखालच्या आतल्या बाजूवर एक ठसठशीत रेघ ओढावी आणि दहा मिनिटे पाहत राहावे. आधी लाल रेघ दिसते, तिच्याभोवती लाली पसरते, आणि काहींच्या त्वचेवर रेघ दोरीसारखी फुगून वर येते. ब्रिटिश वैद्य थॉमस लुइस यांनी १९२० च्या दशकात वर्णन केलेला त्रिविध प्रतिसाद तो हाच. अनेकांच्या हातावर तिसरी पायरी येतच नाही; ज्यांच्या हातावर ती सहज येते आणि खाजतेही, त्यांनी घट्ट नाडी, पट्टा किंवा पिशवीचा बंद यांकडे पित्ताचे कारण म्हणून पाहावे.

अंगावर उठलेली गाठ पित्ताचीच आहे का, हे ठरवायला तिच्याभोवती पेनाने वर्तुळ काढून वेळ लिहून ठेवावी. पित्ताची गांधी साधारणपणे चोवीस तासांच्या आत डाग न ठेवता विरते, भले दुसरीकडे नवी उठो. तीच गांधी त्याहून जास्त टिकली, दुखली किंवा जांभळट डाग ठेवून गेली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. आमसुलाचे पाणी लावल्याने बरे वाटते ते बहुधा गारव्यामुळे. मात्र ज्यांना थंडीनेच पित्त उठते त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

गोळी घ्यायची तर अंगावरच्या पित्ताला एच-१ अडवणारी लागते. सेटिरिझिन किंवा लोराटाडिनची प्रौढांची नेहमीची मात्रा दिवसाला १० मिलिग्रॅम असते. क्लोरफेनिरामिनसारखी जुनी गोळी मेंदूत शिरून झोप आणते, तेव्हा ती घेऊन दुचाकी चालवू नये. सेटिरिझिननेही काहींना गुंगी येते. पोटातल्या पित्ताला फॅमोटिडिन एच-२ अडवते, तर पँटोप्राझोल त्याही पुढे जाऊन आम्लाचा पंपच बंद करते. गरोदरपणात, लहान मुलांसाठी आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच मात्रा ठरवावी.

किनारपट्टीवर आणखी एक प्रकार ठाऊक असावा. बांगडा किंवा कुपा बर्फाविना राहिला तर जिवाणू त्यातल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे हिस्टामिन करतात, आणि ते तळून वा शिजवून नष्ट होत नाही. जेवणानंतर थोड्याच वेळात तोंड लालबुंद होते, डोके ठणकते, धडधडते. अशा वेळी 'मला मासे चालत नाहीत' असा निष्कर्ष घाईने काढू नये, कारण त्याच माणसाला ताजा बांगडा निर्धास्त पचू शकतो. तेच मासे खाल्लेले इतरही लाल झाले आहेत का, हे आधी विचारावे.

ओठ-जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, श्वासाला घरघर लागणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही झाले तर गोळीची वाट पाहत बसू नये. तत्काळ १०८ ला फोन करावा. रुग्णाला आडवे निजवावे, श्वास लागत असेल तर बसते ठेवावे, पण उठून चालू देऊ नये. येथे मांडीत दिलेले ॲड्रिनलिनचे इंजेक्शनच उपयोगी पडते. ते हिस्टामिनचे ग्राही अडवत नाही. स्वतःच्या ग्राहींवर काम करून सैलावलेल्या वाहिन्या आवळते आणि श्वासनलिका मोकळ्या करते.

पुढे कारण शोधण्यासाठी त्वचेवर टोचून चाचणी करायची ठरली, तर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार एच-१ गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात. त्या चाचणीत संशयित पदार्थांच्या थेंबांबरोबर एक थेंब खुद्द हिस्टामिनचा असतो. तोच थेंब त्वचेवर फुगला नाही, तर बाकीचे थेंब कोरे राहिले याला काहीच अर्थ उरत नाही.