प्लाझ्मा टिकेना, दोष भिंतीचा निघाला

जुलैत, पुण्यात पावसाची झड लागलेली असताना आम्ही प्रयोगशाळेतला व्हॅक्यूम चेंबर दुरुस्तीसाठी उघडला. परत बंद केल्यावर हायड्रोजनचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा तापलेला वायू, धड टिकेना. दोन दिवस गळती शोधली, ती नव्हतीच. प्लाझ्माच्या प्रकाशाच्या वर्णपटात ३०९ नॅनोमीटरजवळ हायड्रॉक्सिलचा (पाण्याचा रेणू तुटून बनणाऱ्या OH चा) पट्टा दिसला, तेव्हा उलगडा झाला: स्टीलच्या भिंतीनं दमट हवेतलं पाणी धरून ठेवलं होतं. पंप चालू ठेवून चेंबर रात्रभर १२० अंशांवर तापवला, मग आर्गॉनच्या ग्लो डिस्चार्जनं (कमी दाबाच्या वायूतून वीज सोडून) भिंत साफ केली. पट्टा मावळला.

टोकामॅकमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडणाऱ्या अणुसंलयनाच्या यंत्रात, तर भिंतीतून सुटलेले ऑक्सिजन-कार्बन प्लाझ्माची उष्णता प्रकाशरूपानं बाहेर घालवतात. म्हणून तिथे बोरॉनचा लेप देतात, तो ऑक्सिजन पकडून ठेवतो.

आता चेंबर उघडण्याआधी मी कोरडा नायट्रोजन भरतो.