जुनं पिस्तूल घेताय? इसार देण्याआधी पांढरा कागद

वापरलेलं .३२ बोअरचं पिस्तूल बाहेरून चकाचक पुसलेलं असतं. नळीच्या आत काय झालंय ते दिसत नाही.

१. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढा. चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं असल्याचं डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा.

२. स्लाइड मागेच अडकवा. चेंबरच्या तोंडाशी पांढऱ्या कागदाचा तुकडा धरा, त्यावर मोबाइलची बॅटरी मारा आणि नळीच्या पुढच्या टोकातून आत बघा. नळीच्या आत कोरलेल्या पिळाच्या खाचा धारदार दिसायला हव्यात. काळे ठिपके म्हणजे गंजाने खाल्लंय. कुठे कडीसारखी काळी रेघ दिसली तर नळी फुगलेली. कितीही स्वस्त मिळो, सौदा तिथंच सोडा.

३. पिस्तुलावरचा नंबर विकणाऱ्याच्या परवान्याशी अंक न् अंक ताडून बघा.

ताबा घ्यायची घाई मात्र नको. तुमचा परवाना हातात हवाच, शिवाय विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवल्यावर ४५ दिवस जावे लागतात. छत्रपती संभाजीनगर शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयात.

घरी आणल्यावर चामड्याच्या कव्हरात ठेवू नका, पावसाळ्यात ते ओल धरतं. तेलाचा हलका हात फिरवून कुलपात ठेवा.