भारत-अमेरिकेच्या वनखर्चाची तुलना करताय? या चुका टाळा

'अमेरिका जंगलांवर आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त खर्च करते' हे वाक्य प्रकल्प अहवालात, भाषणात, व्हॉट्सअ‍ॅपवर सारखं भेटतं. सोबत दोन आकडे असतात. एक दिल्लीच्या पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालयाचा, दुसरा तिकडच्या फॉरेस्ट सर्व्हिसचा, म्हणजे केंद्र सरकारच्या वनसंस्थेचा. दोन्ही आकडे बहुधा बरोबरच असतात. पण ते एकाच कामावरचा खर्च सांगत नाहीत.

दिल्लीचा आकडा हा भारताचा आकडा नाही

ही सगळ्यात मोठी चूक, आणि बाकीच्या सगळ्या मिळूनही एवढा घोळ घालत नाहीत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने 'वने' हा विषय समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत) आला खरा, पण वनरक्षकाचा पगार, रोपवाटिका, जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) काढण्याची मजुरी हा रोजचा खर्च राज्याच्या तिजोरीतूनच होतो. तो शोधायचा तर प्रत्येक राज्याच्या अर्थसंकल्पात २४०६ हे मुख्य लेखाशीर्ष (वनीकरण व वन्यजीवन) उघडावं लागतं. भांडवली खर्चासाठी ४४०६. महाराष्ट्रात हे महसूल व वन विभागाच्या अनुदान मागण्यांमध्ये सापडतं. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

अमेरिकेत उलट आहे. फॉरेस्ट सर्व्हिस सुमारे १९.३ कोटी एकर जमीन स्वतः सांभाळते आणि तिथल्या रेंजरचा पगार थेट केंद्राकडून होतो. म्हणजे आपल्याकडचं केंद्रीय मंत्रालय आणि फॉरेस्ट सर्व्हिस या जोडीच्या संस्थाच नव्हेत. शिवाय ही सर्व्हिस तिकडच्या कृषी खात्याखाली येते, तर राष्ट्रीय उद्यानं इंटिरियर खात्याखाली (हे आपल्या गृह खात्यासारखं नव्हे, सरकारी जमिनी सांभाळणारं खातं). एकाच खात्याचा कागद पाहिला की अर्धं चित्र सुटतं. राज्यांचं बजेटही विसरू नका: कॅलिफोर्नियात वणव्यांशी लढणारी 'कॅल फायर' ही राज्याची यंत्रणा आहे.

आता सगळं एकत्र करायला गेलात की दुसरा खड्डा: तोच पैसा दोनदा मोजला जातो. ग्रीन इंडिया मिशनसारख्या योजनेचं अनुदान केंद्राच्या खर्चात दिसतं आणि राज्याने ते वापरलं की तिथेही दिसतं. कॅम्पाचा, म्हणजे गमावलेल्या जंगलाच्या भरपाईसाठीच्या निधीचा, पैसा तर आणखी चकवतो. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने २७ राज्यांकडे ४७,४३६ कोटी रुपये सुपूर्द केले. पण ती त्या वर्षाची तरतूद नव्हती. जंगलाची जमीन इतर कामांना देताना प्रकल्पांकडून वर्षानुवर्षं वसूल केलेली रक्कम होती. ती एका वर्षाच्या खर्चात धरली तर आलेख गगनाला भिडतो.

आगीचा पैसा वेगळा काढा

१९९५ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसच्या बजेटचा १६ टक्के वाटा वणव्यांवर जात होता. २०१५ पर्यंत तो निम्म्याच्या वर गेला. म्हणजे 'जंगलावरचा खर्च' म्हणून आपण जो आकडा मिरवतो, त्यातला मोठा भाग विमानं, हेलिकॉप्टर आणि अग्निशमन पथकांचा आहे. झाडं लावण्याचा नव्हे. २०२० च्या आर्थिक वर्षापासून मोठ्या वणव्यांसाठी वेगळा राखीव निधी ठेवायची सोय झाली, म्हणून त्याआधीचे आणि नंतरचे आकडे सरळ एका रेषेत जोडू नयेत. संयुक्त राष्ट्रांच्या खर्च-वर्गीकरणात जंगलातली आग विझवणं वनक्षेत्राच्या खर्चात बसतं, पण राष्ट्रीय उद्यानं पर्यावरण संरक्षणात. तुम्ही काय धरलं आणि काय वगळलं, ते तक्त्याखाली लिहून ठेवा.

भागायचं कशाने?

दर हेक्टरी खर्च काढताना लोक भारतीय वन सर्वेक्षणाचं वनाच्छादन घेतात. २०२३ च्या अहवालात ते ७,१५,३४३ चौरस किलोमीटर आहे. पण एक हेक्टरहून मोठ्या जागेवर १० टक्क्यांहून जास्त झाडोरा असला की ती जमीन यात मोजली जाते, मग मालक कोणीही असो. कोकणातली आंब्याची बागही त्यात येऊ शकते, आणि तिच्यावर वन विभाग दमडी खर्च करत नाही. त्यापेक्षा सरकारी दप्तरातलं अभिलिखित वनक्षेत्र घ्या, ते सुमारे ७.७५ लाख चौरस किलोमीटर आहे. फॉरेस्ट सर्व्हिसची जमीन साधारण ७.८ लाख. इतकी जवळची जोडी हाताशी असताना अमेरिकेच्या सगळ्या, म्हणजे ३१ कोटी हेक्टर जंगलाने भागण्यात काहीच अर्थ नाही. त्यातलं निम्म्याहून अधिक खासगी मालकीचं आहे.

बाकीच्या अडचणी

आर्थिक वर्षंही जुळत नाहीत: आपलं २०२३-२४ एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालं. अमेरिकेचं २०२४ ऑक्टोबर २०२३ मध्ये. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च या तीन रकान्यांपैकी प्रत्यक्ष खर्चाचाच घ्या, मग आकडा दोन वर्षं जुना असला तरी चालेल.

डॉलरचे रुपये करताना बाजारभावच लावला तर मजुरीतला फरक झाकला जातो. २०१७ मध्ये विनिमय दर ६५ रुपयांच्या घरात होता, क्रयशक्तीच्या हिशेबाने (अमेरिकेत डॉलरला जे मिळतं तेच भारतात घ्यायला लागणारे रुपये) मात्र डॉलर २०.६५ रुपयांचा. खड्डे खणण्यासारख्या मजुरीच्या कामाला दुसरा दर जास्त जुळतो, आयात यंत्रसामग्रीला पहिला. दोन्ही उत्तरं द्यावीत.

एवढं करूनही गुणोत्तर भलतंच आलं, तर आधी एकक तपासा. एक बिलियन म्हणजे १०० कोटी, आणि तिकडच्या तक्त्यांत रकमा बऱ्याचदा हजार डॉलरमध्ये छापलेल्या असतात. ते बरोबर निघालं तर कोणत्या राज्याचं २४०६ राहून गेलं, ते शोधा.